कशातनं आलाय?

आमच्या मालकांच्या जीपला हॉर्न नव्हता. म्हणजे कंपनीनं दिलेला होता, पण मालकांनी तो कधीकाळी काढून जिन्याखालच्या ट्रंकेत टाकला होता. हॉर्न म्हणजे आवाजाचं प्रदूषण. मग समोर कुणी आडवं आलं की मालक खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून ओरडायचे, "ओ पावणं! सरका की वाईच!" हा आवाज हॉर्नच्या दुप्पट लांब जायचा. शाहूपुरीत कुणी त्यांना हे सांगायच्या भानगडीत पडत नसे. मी नवा भाडेकरू होतो तेव्हा एकदा सांगून बघितलं.

"हॉर्नला समोरचा माणूस दिसतोय काय?" मालक म्हणाले. "मला दिसतोय. मी मानानं हाक मारतोय."

मी जिना चढून वर गेलो.

मालक म्हणजे घरमालक. खाली ते आणि वहिनी, वर मी. नोकरीपुरता आलो होतो, एकटा जीव, बघता बघता अकरा वर्षं काढली. एवढ्या वर्षांत त्यांनी मला एकदाही नावानं हाक मारली नाही. मीही पावणंच. दूधवाला पावणं, सरकारी कचेरीतला साहेब पावणं, दारात पडून असणारं कुत्रंसुद्धा पावणं. वीज खात्यात आयुष्यभर खांबावर चढून ते रिटायर झाले आणि खाली उतरल्यावर नदीच्या मागं लागले. अंगावर खादीचा शर्ट, त्याच्या खिशात दोन पेनं आणि एक पक्कड. पक्कड कशाला, असं विचारलं की म्हणायचे, "सवय हाय."

ती जीप डिझेलची. इतकी जुनी की तिच्या वयावरून वहिनी आणि मालक भांडायचे. सुरू होताना ती आधी खोकायची, मग थरथरायची, मग आमच्या घराच्या काचा हलायच्या आणि शेवटी काळा धूर सोडून निघायची. समोरच्या चहावाल्यानं कपबश्यांवर फडकं टाकलं की समजायचं, मालक निघाले. एकदा टाकी भरली की नेसरीच्या आपल्या रानात एक झाड लावायचं, असा त्यांचा दंडक होता. तिथं आता मोठी सावली झाली आहे. ती बघून कौतुक करावं तर म्हणायचे, "कौतुक कसलं करतासा? एवढं डिझेल जाळलंय मी. बघा की."

आणि बाटल्या. आमच्या जिन्याच्या प्रत्येक पायरीवर भिंतीकडेला नदीनाल्यांच्या पाण्याच्या बाटल्या उभ्या असत. कुठला ओढा, कुठलं गटार, कुठला बंधारा, सगळं ओळीनं. येणाऱ्या माणसानं एका बाटलीचा वास घेऊन ते पाणी कुठलं ते ओळखायचं, मगच चहा. वहिनींच्या भाचीला बघायला माणसं आली होती, त्यांनाही मालकांनी सोडलं नाही. मुलाच्या बापानं वास घेतला, बाटली खाली ठेवली आणि चपला घातल्या. वहिनी चार दिवस मालकांशी बोलल्या नाहीत. "माणसं बायकोला घेऊन देवाला जातात," त्या मला म्हणाल्या, "आमी गटारीला जातो."

माझं अक्षर चांगलं आहे. हे मी फुशारकीनं सांगत नाही, ते पुढं लागणार आहे म्हणून सांगतो. मालकांचं अक्षर त्यांचं त्यांनाच लागत नसे, म्हणून बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या दर रविवारी मी लिहायचो. तारीख, वेळ, ठिकाण आणि शेवटी एक शब्द. स्वच्छ, गढूळ किंवा काळं. शब्द मालक सांगायचे, मी ठसठशीत लिहायचो. आलेल्या प्रत्येक माणसाला ते दाखवायचे, "अक्षर बगा. आमच्या वरच्या पावण्यांचं हाय."

आता माझी नोकरी. शिरोळच्या बाजूला कापड रंगवायचा एक कारखाना होता, तिथं मी ऑफिसात होतो. रोज कंपनीच्या बसनं जायचं-यायचं. मालकांना हे माहीत होतं आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नसे. कारखान्याच्या मागं एक ओढा होता, तो पुढं नदीला मिळायचा. मालक दर पंधरवड्याला रविवारी तिथलं पाणी भरून आणायचे आणि ते पाणी दर वेळी नितळ असायचं. मी लिहायचो: स्वच्छ.

ते स्वच्छ का असायचं, हे मला ठाऊक होतं. रंगाचं पाणी ओढ्यात सोडायचा एक पाइप होता. मालकांची जीप पलीकडच्या बांधावर आली की तिचा आवाज आमच्या गेटवर ऐकू यायचा. आवाजावर भर म्हणून मालक वाटेतल्या प्रत्येक माणसाला थांबवून बोलायचे. वॉचमन आत फोन करायचा, "पावणं आलं." मालक सगळ्यांना पावणं म्हणायचे म्हणून कारखान्यात त्यांचंच नाव पावणं पडलं होतं. हा फोन आला की पाइपचा व्हॉल्व्ह बंद. मालक पुलावर पोचून बाटलीला दोरी बांधेपर्यंत काळं पाणी पुढं निघून गेलेलं असायचं, मागनं चांगलं पाणी यायचं. ते गेले की व्हॉल्व्ह पुन्हा चालू. सगळा कारखाना यावर हसायचा. मीही हसायचो, खोटं कशाला बोलू?

त्या ओढ्याकाठी आक्काची विहीर होती. आक्का म्हणजे दोन म्हशी आणि अर्धा एकर भाजीवर घर चालवणारी बाई, नवरा नाही. तिच्या विहिरीच्या पाण्याला वास मारायला लागला. भाजी पिवळी पडली, एक गाभण म्हैस गाभडली. मालक तिच्याकडं जायचे, विहिरीचं पाणी घ्यायचे, ते वाईट निघायचं. आक्का म्हणायची, ओढाच काळा वाहतोय, पण मालक गेले की तो नितळ दिसायचा. ओढ्याचं पाणी चांगलं आणि विहिरीचं वाईट, याचा मेळ त्यांना लागेना. कचेरीतले साहेब म्हणायचे, म्हशीचं शेणमूत झिरपत असेल. मालकांनाही आतून तसंच वाटायला लागलं होतं. माणूस प्रामाणिक, आपल्या बाटलीवर विश्वास.

मग आमच्या कारखान्याला वाढीव काम करायचं होतं, त्याची जनसुनावणी लागली. तालुक्याच्या गावातला हॉल, वर साहेब लोक, खाली आम्ही सगळे. कारखान्यातल्या माणसांना दोन बस भरून नेलं होतं. आक्का विहिरीच्या पाण्यानं भरलेली कळशी काखेत घेऊन आली होती. मालक तिच्यासाठी बोलणार होते.

आदल्या दिवशी आमच्या कारखान्याच्या मॅनेजरनं मला बोलावून विचारलं, "तुझा तो घरमालक. त्याला गप्प कसं करायचं रे?"

मी लगेच म्हणालो, "त्यांना विचारा, तुम्ही कशातनं आलाय."

पटकन सुचलं आणि सुचल्याचा मला आनंदही झाला. मॅनेजर टाळी देऊन म्हणाला, "नाद खुळा! लिहून दे." सुनावणीत लेखी प्रश्न देता येतात. मी तिथंच एका चिठ्ठीवर ठसठशीत लिहिलं: 'नदीसाठी बोलणारे हे गृहस्थ आज इथं कशातून आले?' खाली नाव घातलं नाही. नाव घातलं नाही म्हणजे झालं, असं मला वाटलं. दर रविवारी ज्या अक्षरात त्यांच्या बाटल्या लिहायचो, त्याच अक्षरात लिहिलं, आणि हे माझ्या टाळक्यात आलं नाही. इतका मी शहाणा.

मालक बोलायला उभे राहिले. दोन वाक्यं झाली असतील, साहेबांनी चिठ्ठी वाचली. हॉल हसून लोळायला लागला, कारण ती जीप दाराबाहेरच उभी होती आणि तिच्याखाली ऑइलचं थारोळं साचलं होतं. कुणीतरी मागून ओरडलं, "आधी तुमची चिमणी बंद करा की, मालक!"

दुसरा कुणी असता तर चिडला असता, नाहीतर उडवून लावलं असतं. मालक विचार करायला लागले. भर सुनावणीत, माईक हातात धरून, मिनिटभर. मग म्हणाले, "डिझेलच्या जीपमधनं आलोय. धूर सोडत आलोय. प्रश्न बरोबर हाय." साहेबांपुढं हात केला. "ती चिठ्ठी मला द्या." चिठ्ठी घेतली, वाचली, पुन्हा वाचली, खिशात पेनांमागं घातली. "ह्याचं उत्तर माझ्याकडं न्हाय. उत्तर घेऊन मग बोलायला येतो."

आणि ते खाली उतरले. खरंच उतरले!

आक्का कळशी घेऊन उभीच होती. "ओ मालक," ती म्हणाली, "माझ्या हिरीचं सांगणार हुतासा न्हवं?"

मालक दारातून बाहेर गेले होते. साहेबांनी आक्काला विचारलं, लेखी काही आणलंय का? तिनं कळशी पुढं केली. लोक पुन्हा हसले. कारखान्याला परवानगी मिळाली.

मालकांनी जीप भंगारात घातली आणि दोन महिन्यांत विजेवरची गाडी आणली. लहानशी, पांढरी, हिरव्या नंबरप्लेटची. वहिनींनी चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. गाडी सुरू झाली की नाही हे कुणालाच कळेना, तोवर ती लिंबांवरून जाऊन रस्त्याला लागलीसुद्धा. तिचा हॉर्न दुसऱ्या दिवशी ट्रंकेत गेला.

यावरून त्यांच्या नदीवाल्या मंडळींत जी भांडणं झाली ती आमच्याच ओसरीवर झाली, त्यामुळं मला फुकट ऐकायला मिळाली. एक गुरुजी सायकलवरून यायचे. ते म्हणाले, "आपल्यासारख्यांनी चारचाकीत बसायचंच कशाला? लोक म्हणणार, नदीच्या नावावर गाड्या उडवतात." दुसरे एक वकील होते. ते म्हणाले, "उलट आपण सगळ्यांनीच घ्यायला पाहिजेत. आपण न्हाय चालवली तर लोकांना कुठल्या तोंडानं सांगणार?" समोरचा चहावाला चहा द्यायला आला होता, त्यानं जाता जाता काडी घातलीच, "मालक, वीज तरी कशाची? कोळशाचीच की. धूर हितनं उचलला आणि तिकडं नेऊन ठेवला."

"आयुष्यभर खांबावर हुतो मी," मालक म्हणाले. "वीज कशातनं येती मला सांगू नका. कोळशातनंच येती. बॅटरीसाठी पण कुणाचा तरी डोंगर खणलाय. ही गाडी घेतली म्हणून मी काय साधू झालो न्हाय."

"मग घेतलीसा कशाला?" गुरुजींनी विचारलं.

"सायकलवर माझ्या बाटल्या फुटत्यात म्हणून." जरा थांबून म्हणाले, "आणि गाडीनं नदी साफ हुत न्हाय, गुरुजी. माझं तोंड तेवढं साफ हुतंय. त्या दिवशी प्रश्न आला आणि त्या बाईला सोडून मी खाली उतरलो. पुन्हा उतरायचं न्हाय, एवढ्यासाठी घेतली."

मी वर गॅलरीत उभा राहून ऐकत होतो. तेव्हा पहिल्यांदा मला वाईट वाटलं. पण वाईट वाटणं आणि काही करणं यात फार अंतर असतं, मी आत जाऊन जेवलो.

पहिल्या रविवारी मला त्यांनी गाडीत बसवून रंकाळ्यापर्यंत फिरवून आणलं. समोर काचेखाली ती चिठ्ठी चिकटवलेली होती. "ही कशाला ठेवलीय?" मी विचारलं.

"आठवण," मालक म्हणाले. "ओ पावणं, सरका की!" हे रस्त्यातल्या माणसाला होतं. गाडी मुकी असल्यानं त्यांना आता पूर्वीपेक्षा जास्त ओरडावं लागत होतं.

त्यांनी अक्षर ओळखलं नाही, असं मी धरून चाललो. ओळखलं असतं तर बोलले नसते का? तोंडावर बोलायला ते कुणाच्या बापाला भीत नसत.

गाडीला चार्जिंग लागायचं. खालची वायरिंग जुनी, तिच्यावर भार नको म्हणून माझ्या स्वयंपाकघरातल्या मोठ्या प्लगमधून वायर काढून खिडकीतून खाली सोडली होती. मालक निघायच्या आधी खालून ओरडायचे, "पावणं, बटण बंद करा!" त्यामुळं ते कधी निघतात हे शाहूपुरीत सगळ्यात आधी मला कळायचं. आणि कारखान्यात तर आता गाडीचा आवाजच येत नव्हता. वॉचमन मला म्हणाला, "भुतागत येतंय की हो ते." मॅनेजर म्हणाला, "तू वर राहतोस ना? मग झालं. फोन टाकायचा."

मी टाकायचो. बटण बंद करायचो, गाडी कोपऱ्यावरून वळली की वॉचमनला फोन लावायचो. "पावणं निघालं." दोन शब्द. दुपारी मालक नितळ पाणी घेऊन यायचे आणि संध्याकाळी मी त्यावर लिहायचो: स्वच्छ. असं पावसाळाभर चाललं. माझी झोप वगैरे काही उडाली नव्हती. माणूस सगळ्याला सरावतो.

मग एका शनिवारी आक्का आमच्या घरी आली. गाभडलेली म्हैस विकायची होती, तिच्या औषधपाण्याचं विचारायला म्हणून कोल्हापुरात आली होती. मालक बाहेर होते. वहिनींनी तिला जिन्यावरच्या बाटल्या दाखवल्या आणि मी नेमका खाली उतरत होतो. आक्कानं एक बाटली उचलून उजेडात धरली.

"ही कुठली?"

"तुमच्या ओढ्याची," मी म्हणालो.

"माझ्या?" तिनं झाकण काढून वास घेतला. मग चिठ्ठीवर बोट ठेवलं. "मला वाचाय येत न्हाय. हितं काय लिवलंय?"

मी वाचलं. तारीख, वेळ, ठिकाण. शेवटचा शब्द वाचायला मला जड गेलं, पण वहिनी समोर होत्या. "स्वच्छ," मी म्हणालो.

"कुणी लिवलं?"

"ह्यांनीच की," वहिनी कौतुकानं म्हणाल्या. "आमच्याकडं सगळं हेच लिवतात."

आक्कानं माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे. जनावर बाजारात विकताना माणसं गिऱ्हाइकाकडं बघतात तसं, खरं बोलतोय की नाही याचा अंदाज घेत. "तुमी कवा आमच्या हिकडं आलासा काय?" तिनं विचारलं.

रोज जात होतो. तिच्या विहिरीवरून आमची बस जायची. "नाही," मी म्हणालो.

तिनं बाटली जिथली तिथं ठेवली, पदर सारखा केला आणि गेली. मला लाज वाटली. नुसतं वाईट नव्हे, लाज. दिवसभर त्या बाटलीशेजारून जिना चढता येईना.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी साडेसहाला खालून आवाज आला, "पावणं, बटण बंद करा!" मी बटण बंद केलं. वायर खाली सोडली. पांढरी गाडी कोपऱ्यावरून वळली. मी फोन हातात घेतला, वॉचमनचा नंबर काढला आणि ओट्यापाशी उभा राहिलो. चहा उतू गेला, तो पुसला. पुन्हा नंबर काढला. शिरोळला पोचायला त्यांना तासाहून जास्त वेळ लागायचा, म्हणजे फोन करायला मला तासभर होता. तो तास मी ओट्यापाशीच काढला. मग वॉचमनचाच फोन आला. आज पावणं हाय काय, एवढंच विचारायचं असणार. मी उचलला नाही. वाजून वाजून तो बंद झाला.

मालक दुपारी आले. येताना ओरडले नाहीत, त्यावरूनच कळलं. जिन्यावर पावलं वाजली. ते कधी वर येत नसत, गुडघे दुखायचे. दारात उभे राहिले, पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली, हातात बाटली. बाटलीतलं पाणी शाईसारखं काळं. मागून वहिनी आल्या, त्यांनी नाकाला पदर लावला.

"पाइप गावला," मालक म्हणाले. "आक्काला संगं घेतलं, काळ्या पाण्यामागनं काठानं वर गेलो, तिनंच दावला. फोटो काढलं, पंचनाम्याला सरपंचांना बोलावलं. वॉचमन पळत आला. मला म्हणतोय, आज कसं काय आलासा, फोन न्हाय आला."

ते आत आले, माझ्या खुर्चीवर बसले. मी उभाच. वहिनी कुणाच्या तोंडाकडं बघावं हे न कळून एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होत्या.

"एका दिवसाचं पाणी दावलं तर त्ये म्हणणार, चुकून सुटलं," मालक म्हणाले. "रोज सुटतंय, मी आलो की बंद हुतंय, हे कुणीतरी आतल्या माणसानं लिवून द्याय पाहिजे. न्हायतर आक्काची हीर गेली." शर्टाच्या खिशातून त्यांनी एक घडी केलेला कोरा कागद काढला, माझ्या टेबलावर हातानं सपाट केला. दोन पेनांतलं एक त्यावर ठेवलं.

"नोकरी जाईल माझी," मी म्हणालो.

"जाईल," मालक म्हणाले. खोटा दिलासा देणं त्यांना कधी जमलं नाही. "खोली हाय. भाकरी तुमच्या वहिनी करत्यात."

मी बसलो. पेन उचललं. ते पुन्हा खाली ठेवून म्हणालो, "मालक, माझं अक्षर आज नीट येणार नाही. तुम्ही सांगा, दुसरं कुणीतरी लिहील."

"न्हाय," ते म्हणाले. "तुमीच लिवा. सुनावणीतली चिठ्ठी लिवलीती त्याच अक्षरात."